थंडी न वाजणारा पाय

थंडीचे दिवस सुरू झाले की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. गुडघे, दमा, भेगाळलेल्या टाचा, पहाटेचे फिरणे चालू ठेवावे की नाही, असे नेहमीचे प्रश्न असतात. यंदा मात्र एका वाचक भगिनींचे निराळे पत्र आले. जानेवारीत त्या यजमानांसह अमेरिकेला मुलाकडे जाणार आहेत. मुलाने हौसेने बर्फातली सहल ठरवली आहे, स्नोमोबाइलवरून रानात भटकण्याची. यजमानांचे वय अडुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. ‘त्यांची प्रकृती उत्तम आहे,’ असे लिहून त्या पुढे म्हणतात, ‘आणि त्यांना थंडी तर मुळीच वाजत नाही. नाशिकच्या थंडीतही ते पायात मोजे घालत नाहीत. तेव्हा जाण्यास हरकत नसावी ना?’

या पत्राला मी दोन ओळींत उत्तर देऊ शकलो असतो. पण ‘थंडी वाजत नाही’ हे शब्द वाचले आणि लेखणी थबकली. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेच शब्द मी माझ्या जिवलग मित्राच्या तोंडून ऐकले होते, आणि डॉक्टर असूनही त्यांवर विश्वास ठेवला होता.

हा मित्र शाळेतला, एका बाकावरचा. तो अभियंता होऊन अमेरिकेला गेला. मी एमबीबीएस होऊन गावातच दवाखाना थाटला. तेव्हा आम्हा दोघांचेही वय चौपन्न होते. त्याला सोळा वर्षांचा मधुमेह. दिवसा मेटफॉर्मिनच्या गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. साखर ‘बहुतेक’ ताब्यात. हा ‘बहुतेक’ त्याचाच शब्द. मी प्रथमच त्याच्याकडे जाणार म्हटल्यावर त्याने बेत आखला तो यलोस्टोनचा, तोही भर हिवाळ्यात.

यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १८७२ साली ते स्थापन झाले. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात येतो आणि कडा माँटाना व आयडाहो या राज्यांत शिरतात. उन्हाळ्यात तेथे मोटारींची रीघ लागते. नोव्हेंबरात मात्र उत्तरेकडचा एक रस्ता सोडून बाकीचे सारे रस्ते मोटारींना बंद होतात. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्याच रस्त्यांवर बर्फ यंत्रांनी दाबून सपाट केला जातो आणि त्यावरून दोनच प्रकारची वाहने जातात : एक स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन पट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेली, मोटारसायकलसारखी बसायची गाडी, दुसरे स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणारी बंद, उबदार बस. पूर्वी कोणीही स्नोमोबाइल घेऊन सुसाट सुटत असे. पश्चिमेकडच्या दारावर इतका धूर साचे की तेथील कर्मचाऱ्यांना श्वसनाचे मुखवटे लावावे लागले. मग नियम कडक झाले. आता गाड्यांची संख्या ठरलेली असते, इंजिने कमी धुराची व कमी आवाजाची लागतात, आणि मार्गदर्शकावाचून कोणालाही आत सोडत नाहीत. या शेवटच्या नियमाचा मी आजन्म ऋणी आहे.

आम्ही वेस्ट यलोस्टोन या चिमुकल्या गावी उतरलो. समुद्रसपाटीपासून हे गाव सुमारे दोन हजार मीटर उंच आहे. सकाळी पारा उणे वीस अंशांवर होता. माझी मजल निफाडच्या गारठ्यापर्यंतची. उणे वीस हा आकडा मला केवळ पुस्तकातून ठाऊक होता. श्वास घेतला की नाकातले केस गोठून एकमेकांना चिकटत. ती जाणीव अगदी विलक्षण असते, शिंक येता येता राहावी तशी.

भाड्याचे बूट, जाड पोशाख, शिरस्त्राण अशी तयारी सुरू झाली. प्रत्येकाला एक अर्ज भरायचा होता आणि त्यात एक ओळ आजारांविषयी होती. मित्राने तेथे ‘नाही’ असे लिहिले. मी ते पाहिले. त्याने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि मी हसलो. सहलीच्या आनंदात विरजण नको, एवढाच विचार मनात होता. त्यानंतर त्याने बूट घातले. एक सुती मोजा होताच. त्यावर त्याने दुसरा चढवला. बूट घट्ट होऊ लागला. ‘दोन असलेले बरे, थंडी फार आहे,’ असे म्हणून मी माझ्या हाताने त्याच्या बुटाचे बंद आवळून दिले.

वाचकहो, त्या दहा मिनिटांत माझ्याकडून दोन अपराध घडले होते. त्यांतला दुसरा तर निव्वळ अज्ञानाचा होता. मोजा उबदार असतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे. दोन मोजे घट्ट बुटात कोंबले की ती हवा निघून जाते आणि बोटांकडे जाणारा रक्तपुरवठाही दाबला जातो. शिवाय सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. थंड प्रदेशातली शाळकरी मुलेही हे जाणतात. मी तीस वर्षे वैद्यकी करून ते जाणत नव्हतो.

आम्ही निघालो. पुढे आमची गाइड, पंचविशीतली एक शांत मुलगी; तिच्यामागे पाच गाड्यांची रांग. मित्र चालवत होता, मी मागे बसलो होतो. गाडीच्या मुठींना आतून ऊब दिलेली असते, त्यामुळे हात सुखात असतात आणि सारे शरीर सुखात आहे असा मनाचा समज होतो. रस्ता मॅडिसन नदीच्या काठाने जातो. या नदीला वरच्या अंगाने गरम झऱ्यांचे पाणी मिळते, म्हणून भर हिवाळ्यातही ती वाहती राहते. पाण्यावर वाफ, काठच्या झाडांवर त्या वाफेचे गोठलेले पांढरे काटे आणि मधोमध संथ तरंगणारे शुभ्र हंस. एका वळणावर बायसनांचा कळप रस्त्यावरूनच येत होता. दाबलेल्या बर्फावर चालणे त्यांनाही सोपे जाते. गाइडने इंजिने बंद करायला सांगितली आणि आम्ही कडेला थांबलो. आपल्या गव्याचे हे दूरचे भाऊबंद. हाताच्या अंतरावरून जावेत तसे ते गेले. एकानेही मान वळवली नाही. त्यांच्या पाठीवर बर्फाचा थर तसाच होता. कातडी आणि लोकर इतकी दाट की अंगातली ऊब बाहेर निसटतच नाही, मग वरचा बर्फ वितळणार कसा? ते पाहताना मी भान हरपलो होतो हे कबूल करतो. तेवढ्या एका दृश्यासाठी मी पुन्हा तेथे जाईन.

मात्र बायसनाची कातडी माणसाला नाही. वेगमर्यादा ताशी छप्पन्न किलोमीटर. हवा उणे वीस असताना ताशी पन्नासच्या वेगाने जावे, तर अंगाला लागणारा गारठा सुमारे उणे पस्तीस अंशांसारखा असतो. अशा गारठ्यात उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. शरीर तेव्हा आपल्या रीतीने निर्णय घेते. हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब राखण्यासाठी ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. घर वाचवण्यासाठी अंगणातला दिवा विझवावा, तसे. वाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात, पण तहान मात्र लागत नाही. आणि बोटे? ती आधी दुखतात, ठणकतात, मग बधिर होतात.

पहिल्या थांब्यावर माझी बोटे अशी ठणकत होती की डोळ्यांत पाणी आले. मी जागच्या जागी उड्या मारू लागलो. मित्र मात्र निवांत उभा राहून छायाचित्रे काढत होता. ‘अरे, तू नाशिकचा डॉक्टर ना? निफाडचा गारठा सोसलेला माणूस तू! मला तर काहीच वाटत नाही बघ,’ तो म्हणाला. मला त्याचा हेवा वाटला. पंचवीस वर्षे तिकडे राहून सवय झाली असेल, असे मी मनाशी म्हटले.

सुमारे तेवीस किलोमीटरवर मॅडिसनला प्रवाशांनी ऊब घेण्यासाठी एक छोटी झोपडी आहे. तेथे गाइडने सर्वांना दोन गोष्टी करायला लावल्या : एकमेकांची नाके, गाल आणि कानाच्या पाळ्या पाहायच्या, कुठे पांढरा डाग दिसतो का, आणि पायाची बोटे बुटात हलवून ती कशी आहेत ते सांगायचे. कोणी म्हणाले दुखतात, कोणी म्हणाले जळजळतात. माझा मित्र म्हणाला, ‘काही तक्रार नाही.’ ती मुलगी सरळ त्याच्याकडे आली आणि म्हणाली, ‘ज्यांची बोटे दुखतात त्यांची मला काळजी नसते. तुम्ही बूट काढा.’

तो हसून टाळू लागला. मग तिने विचारले, ‘मधुमेह आहे का?’ त्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी हसलो नाही. मी म्हणालो, ‘आहे. सोळा वर्षांपासून.’

डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पांढरे पडले होते. मेणासारखे, पिवळट पांढरे. मी बोट दाबले. वरची कातडी कडक होती, खाली मात्र मऊ लागले. हिमदंश वरच्या थरातच होता, पण होता. तो स्वतः वाकून पाहत होता आणि त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. जणू कोणा दुसऱ्याचाच पाय पाहत होता.

पहिली गोष्ट त्याने केली ती कोणीही करील तीच. पाय हीटरकडे नेला. गाइडने तो अडवला. पाय चोळायलाही तिने मनाई केली. गोठलेल्या पेशींत बर्फाचे सूक्ष्म कण असतात. चोळले की तेच ऊतींना इजा करतात. आणि ज्या पायाला थंडी कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. हीटरपाशी तो भाजतो आणि मालकाला वार्ता नसते. मग काय करायचे? तिने माझ्याकडे पाहिले. मी पोशाखाची साखळी उघडली, सदरा वर केला आणि मित्राचा पाय माझ्या पोटावर घेतला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत आम्ही एकमेकांचे बरेच काही सोसले आहे. पण तो बर्फाचा गोळा पोटाला लागला तेव्हा मी जे ओरडलो, त्याने झोपडीतले सारे लोक हसले. तोही हसला. मग हळूच म्हणाला, ‘तुला लागतंय. मला काहीच लागत नाही रे.’

वीस मिनिटांनी बोटे लाल झाली. निरोगी पायात रक्त परततानाचा हा काळ विलक्षण वेदनेचा असतो, माणसे कळवळतात. तो गप्प बसून होता.

पुढे ओल्ड फेथफुलचे उष्णोदकाचे कारंजे होते, ज्यासाठी आम्ही आलो होतो. मित्र बूट घालू लागला. गाइड म्हणाली, नाही. एकदा उबलेला भाग पुन्हा गोठला तर इजा पहिल्याहून कितीतरी मोठी होते. बोट जाऊ शकते. मित्र चिडला. ‘अर्धं जग ओलांडून आलाय हा माणूस,’ असे तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. ‘डॉक्टर, तू तरी सांग तिला.’ मी काय सांगणार? तिने रेडिओवरून निरोप धाडला आणि तासाभराने गावाकडे जाणाऱ्या स्नोकोचमध्ये आम्ही दोघे बसलो. त्याच्या डाव्या पायात तिचा एकच सैल लोकरी मोजा होता. बूट मांडीवर. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

आता त्या भगिनींच्या पत्राकडे वळतो. थंडी न वाजणे ही कणखरपणाची खूण मानायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. मोजे न घालणारे आजोबा, गार पाण्याने अंघोळ करणारे काका यांचे घरात कौतुक होते. पण दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या चेतातंतूंना इजा होते, ती सावकाश आणि बहुधा बोटांपासून वर चढत जाते. काहींना मुंग्या येतात, आग होते. पुष्कळांना मात्र काहीच होत नाही, आणि तेच अधिक धोक्याचे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी उतरू शकते, त्यातून शाकाहार असेल तर अधिकच. त्यानेही चेतातंतू दुबळे होतात. वाढत्या वयात त्वचेखालची चरबी कमी होते, कुडकुडण्याची शक्ती मंदावते आणि गारठ्याची जाणीवही बोथट होते. म्हणजे संरक्षण कमी आणि इशारा देणारी घंटाही मुकी.

याला बर्फ लागत नाही. अमेरिकेहून परतल्यावर त्याच हिवाळ्यात माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या एक आजी आल्या. पाय गार पडतात म्हणून सुनेने मायेने गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली होती. आजी तशाच झोपी गेल्या. सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. ‘दुखलं नाही का हो आजी?’ असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘नाही बाबा, छान ऊब लागत होती.’ सून रडत होती; तिला वाटत होते की आपणच सासूला भाजले. ती जखम भरायला अडीच महिने लागले. मॅडिसनच्या त्या झोपडीतला हीटर आणि नाशिकची ती पिशवी यांत मला तरी फरक दिसत नाही.

म्हणून आज रात्रीच घरातल्या ज्येष्ठांच्या पायांची एक साधी चाचणी करावी अशी माझी विनंती आहे. मधुमेह असेल तर अवश्यच. त्यांना पाय मोकळे करून झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाच्या अंगठ्याला क्षण-दोन क्षण हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. मग उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. एकूण सहा स्पर्श, प्रत्येक एकदाच. न कळल्यास पुन्हा करून ‘आता कळलं ना?’ असे विचारण्याचा मोह टाळा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर त्या पायांना धोका आहे असे समजून आपल्या डॉक्टरांकडे जावे. या चाचणीला ना यंत्र लागते, ना पैसे. मी हिची सवय त्या सहलीनंतर लावून घेतली. त्याआधी अनेक वर्षे मी मधुमेहींची साखर पाहत होतो आणि त्यांचे मोजे तसेच ठेवून त्यांना घरी पाठवत होतो.

ज्यांच्या पायांची संवेदना कमी आहे त्यांच्यासाठी गरम पाण्याची पिशवी, विजेची शेकपट्टी, शेगडी हे सारे वर्ज्य. सैल लोकरी मोजा आणि पांघरूण पुरे. पाय धुण्याचे पाणी घरातल्या दुसऱ्या कोणी कोपराने तपासावे. भाजलेच तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी; हळद नको, टूथपेस्ट नको.

भगिनींनो, तुमच्या यजमानांना जाऊ नका असे मी म्हणणार नाही. बायसन पाहण्याचा अधिकार अडुसष्टाव्या वर्षीही असतो. पण आधी वरील चाचणी करा आणि स्पर्श कळत नसतील तर स्नोमोबाइलचा हट्ट सोडून स्नोकोचने जा. तीच नदी, तेच हंस तिच्या काचेतूनही दिसतात. छातीत दुखणे, धाप किंवा अँजिओप्लास्टीचा पूर्वेतिहास असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून त्या गारठ्यात जाऊ नये. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवा आणि बर्फात अंगाला लागून, आतल्या खिशात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी निकामी समजावे. साखर मोजण्याचे यंत्रही गारठ्यात चालेनासे होते. साखर उतरल्यावरची थरथर आणि थंडीची थरथर सारखीच दिसते, म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात आणि शंका आली की आधी गोळी तोंडात. तहान नसली तरी पाणी. बूट एक माप मोठा. दर थांब्यावर तुम्ही स्वतः त्यांचे पाय पाहा. ‘ठीक आहे’ या उत्तरावर थांबू नका. पांढरे बोट दिसलेच तर चोळू नका. जवळ उबदार निवारा असेल आणि पुन्हा गोठण्याची भीती नसेल तर सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या पाण्यात पाय ठेवावा, पाणी तापमापकाने मोजून. आणि अर्जावर खरे लिहा. तेथे मधुमेह लिहिल्याने फार तर कोणी चार प्रश्न अधिक विचारील.

मित्राच्या करंगळीवर दुसऱ्या दिवशी स्वच्छ पाण्याचा फोड आला. तिथल्या डॉक्टरांनी तो न फोडता जपला. तीन आठवड्यांनी कातडी सुकून गळाली, पुढे नखही पडले आणि नवे आले. बोट वाचले. त्या प्रवासात तो माझ्याशी पुन्हा बोलला तो विमानतळावर, निरोप देताना : ‘पोट कसं आहे तुझं?’ आता दर रविवारी सकाळी त्याच्याकडून माझ्या मोबाइलवर दोन छायाचित्रे येतात, डाव्या तळव्याचे आणि उजव्या तळव्याचे. सोबत मजकूर काहीच नसतो. माझी पत्नी म्हणते, मित्रांनी एकमेकांना पाठवावे असे हे काही नाही. मी चष्मा लावून दोन्ही नीट पाहतो आणि मग चहा घेतो. येत्या फेब्रुवारीत आम्ही ओल्ड फेथफुलला जाणार आहोत. स्नोकोचची तिकिटे त्यानेच काढली आहेत.